‘मागच्यासारखंच’ लिहायचं नाही

४ जून

प्रिय मामा,

चिठ्ठी आधी, गप्पा नंतर. तुझाच नियम.

घरात कोण: मी.
तब्येत: मान आखडली आहे. बाकी ठणठणीत.
हातातलं काम: ग्राफिक्सची लायब्ररी. (‘तेच’ लिहिणार होते, खोडलं.)
अडचण: वापरणारे कमी, तक्रारी भरपूर.

तू विचारलंस की गेली चार वर्षं मी ज्या लायब्ररीत डोकं घालून बसले आहे, तिथे पुस्तकं आहेत तरी किती. मामा, एकही नाही. लायब्ररी म्हणजे दुसऱ्या प्रोग्रॅमर लोकांनी उचलून वापरायचा तयार कोड. कॉम्प्युटरमध्ये चित्रं काढणारी एक चिप असते. भयंकर वेगवान आणि तितकीच हट्टी. तिला एकदा ‘रंग लाल’ म्हटलं की कोणी ‘आता निळा’ म्हणेपर्यंत ती सगळं लालच काढत सुटते. रेघेची जाडी, मागचं झाकायचं की दिसू द्यायचं, सगळ्याचं असंच. एकाने काय सांगून ठेवलंय ते दुसऱ्याला माहीत नसतं आणि चित्राचा पार विचका होतो. त्यातून प्रत्येक कंपनीच्या यंत्रावर विचका वेगळा.

मी त्यावर तुझी कारखान्यातली ऑर्डरची चिठ्ठी बसवली. माझ्या लायब्ररीत ‘मागच्यासारखंच’ म्हणायची सोयच नाही. प्रत्येक आकृतीबरोबर अख्खी चिठ्ठी द्यायची: काय काढायचं, कशावर, कोणत्या रंगात, किती जाड. एक रकाना रिकामा असला तरी चिठ्ठी चिपपर्यंत जात नाही, खिडकीतूनच परत येते. कुठल्याही यंत्रावर हाच कायदा. लोकांना समजावताना मी मोठमोठे शब्द वापरते. खरं तर मी हे दहाव्या वर्षी, तू काम करायचास त्या कापडछपाईच्या कारखान्यात, तुझ्या टेबलाखाली बसून शिकले. आई गेल्यावर तुमच्याकडे आले त्याच वर्षी तो प्रकार झाला होता. बालवाडीवाल्यांनी ऑर्डरमध्ये ‘मागच्यासारखंच’ लिहिलं, कारागिराने टेबलावरची मागच्या ऑर्डरच्या चित्राची फ्रेम उचलली, आणि तीनशे चिमुकल्या दप्तरांवर उंदराच्या औषधाची कवटी छापली गेली! त्या दिवसापासून तू तो शब्द कारखान्यात बंद केलास, घरच्या पत्रांतसुद्धा.

काल दुकानात बोलायला गेले तर आवाजच फुटेना. तेव्हा लक्षात आलं की तीन दिवसांत मी पहिल्यांदाच तोंड उघडत होते. हे काही तक्रार म्हणून लिहीत नाही.

निवृत्त झाल्यावर मामीला फार छळत नाहीस ना? तिच्या हिरव्या पेनाच्या दोन ओळी खाली हव्यातच. तिच्या शिवणवर्गातल्या मुलींना माझी आठवण सांग. आणि नवा आशीर्वाद पाठव. गेल्या वेळचा ‘पायाला नखुरडं न होवो’ फळला.

तुझी,
रेघू


१९ जून

रेघू,

घरात कोण: मागच्यासारखंच.
तब्येत: गुडघे कुरकुरतात. कान तर कधीचेच संपावर गेलेत.
हातातलं काम: निवृत्त माणसाला हा रकाना कशाला?
अडचण: सकाळ फार लांबते.

तुझं पत्र तीनदा वाचलं. दुसऱ्यांदा समजलं, तिसऱ्यांदा आवडलं. दप्तरं तीनशे नव्हती, साडेतीनशे होती. बालवाडीच्या बाई ती बघून मटकन खाली बसल्या होत्या आणि मालकाने सगळं खापर माझ्यावर फोडलं होतं. त्यातून इतक्या वर्षांनी चिप का काय ती शहाणी झाली असेल, तर मला बोलणी खाल्ल्याचं वाईट वाटत नाही.

पण एक शंका आहे. दर वेळी अख्खी चिठ्ठी लिहायची म्हणजे वेळ जात नाही? आमच्याकडे कारागीर यावरूनच कुरकुर करायचे. म्हणायचे, आपल्याला माहीतच असतं की, उगाच काय लिहायचं.

मामीचा हात दुखतोय म्हणून तिच्या ओळी नाहीत.

कपडे धुण्याच्या मशीनवरचं तिसरं बटण कशाचं असतं? सहज विचारतोय.

आशीर्वाद मागच्यासारखेच.

मामा


३ जुलै

प्रिय मामा,

घाईत आहे. घरात मी, मान तशीच वाकडी, काम लायब्ररीचं, आणि अडचण ही एवढी मोठी की बाकी सगळं तिच्यामागे झाकलं गेलंय.

तुझी शंका अगदी बरोबर जागी लागली. वेळ जातो. म्हणून मी एक लबाडी करून ठेवली आहे. बाहेरून माझी लायब्ररी सांगते, मला मागचं काही आठवत नाही, सगळं नव्याने सांगा. पण आत तिची एक छोटी वही आहे. चिपला शेवटचं काय सांगितलं ते ती तिथे टिपून ठेवते. नव्या चिठ्ठीत ‘निळा’ असेल आणि वहीतही ‘निळा’ असेल, तर ती चिपला पुन्हा सांगायला जात नाही. माहीतच आहे, उगाच काय सांगायचं. चिपला विचारूनही येत नाही, कारण विचारायला गेलं की सगळं काम खोळंबतं.

आता अडचण. एक नकाशेवाला आहे, बोटींसाठी नद्यांचे नकाशे करतो. त्याने लिहिलंय की त्याच्या नद्या काळ्या होतात. सगळ्या नाहीत. पहिली निळी येते, तिच्यावर नाव लिहिलं जातं, आणि पुढची डांबरासारखी काळीकुट्ट. त्याची चिठ्ठी मी दहादा तपासली, ‘निळा’ स्वच्छ लिहिलंय. माझी वही तपासली, तिथेही ‘निळा’. सगळे कागद बरोबर आणि नदी काळी! तीन आठवडे झाले, माझ्या नाकी नऊ आलेत.

खरं सांगू? लायब्ररीच्या पहिल्या पानावर टाकायला एक ओळ लिहून ठेवली आहे: ‘ही लायब्ररी आता कोणी सांभाळत नाही.’ टाकली तर कुणाला कळणारही नाही. नकाशेवाल्याची नदी सापडली की मग ठरवेन, म्हणून हात आखडता घेतलाय.

तिसरं बटण बहुतेक लोकरीच्या कपड्यांचं. मामीलाच विचार ना! तिच्या हाताला काय झालं? शिवणयंत्र थोडे दिवस मुलींनाच चालवू दे म्हणावं.

रेघू


१६ जुलै

रेघू,

घरात कोण: मागच्यासारखंच.
तब्येत: बरी.
हातातलं काम: कपडे धुणे.
अडचण: सहा पांढरे शर्ट गुलाबी झाले.

मामीला विचारणार होतो, पण ती झोपली होती, म्हणून मीच बटणं दाबली. आधीच्या धुण्यातला एक लाल रुमाल ड्रमला चिकटून बसला होता, तो मी पाहिलाच नाही. कारखान्यात फ्रेमची जाळी नीट धुतली नाही की मागच्या चित्राची सावली पुढच्या कापडावर उमटायची. आम्ही तिला भूत म्हणायचो. चाळीस वर्षं दुसऱ्यांना त्यावरून झापलं, आणि आता मीच गुलाबी शर्ट घालून बाजारात जातो.

तुझ्या नदीबद्दल. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. पण चिठ्ठी बरोबर, नोंद बरोबर आणि माल चुकीचा, असं झालं की मी एकच प्रश्न विचारायचो: मधे टेबलाला हात कोणी लावला? दर वेळी कोणीतरी निघायचाच. पलीकडच्या टेबलावरचा एखादा येऊन, दोन मिनिटं शाई वापरून, न सांगता निघून गेलेला असायचा. लबाड नसायचा तो. त्याचंही काम होतं.

ती ओळ टाकू नकोस. एवढ्यात तरी नको.

मामा


३० जुलै

मामा,

सापडलं! तुझ्यामुळे.

नद्यांची नावं लिहायला नकाशेवाला दुसऱ्या कुणाची तरी लायब्ररी वापरतो. ती माझ्या खिडकीतून जातच नाही, थेट चिपला जाऊन सांगते, ‘रंग काळा’. नाव लिहिते आणि निघून जाते. चिप आता काळी. माझ्या वहीत मात्र अजून ‘निळा’. पुढची चिठ्ठी येते, ‘निळा’. माझी लायब्ररी वही बघते, म्हणते, माहीतच आहे, आणि गप्प बसते. नदी काळी. वहीवर इतका विश्वास की समोर बघायचं तिला सुचलंच नाही. आता मी असं केलंय की मधे दुसऱ्याचा हात लागून गेला की वही फाडायची आणि सगळं नव्याने सांगायचं. थोडा वेळ जातो. जाऊ दे.

हे तुला कळवायचं म्हणून तुझी पत्रं पुढ्यात घेतली आणि पहिल्याच रकान्यावर थांबले.

दोन्ही पत्रांत ‘घरात कोण’ पुढे तू ‘मागच्यासारखंच’ लिहिलं आहेस. तू! ज्याने तो शब्द लिहिला म्हणून मला बाराव्या वर्षी अख्खं पत्र पुन्हा लिहायला लावलं होतं. आशीर्वादसुद्धा मागचेच. मी दोन्ही वेळा वाचलं आणि पुढे गेले. मला वाटलं, मला माहीतच आहे.

परवा घरी फोन केला. तू उचललास, मी काय म्हणते ते ऐकू न येता ‘हो हो, सगळं ठीक’ म्हणालास आणि ठेवलास. मागे मामीचा आवाज नव्हता. शिवणयंत्राचाही नव्हता.

मामी कुठे आहे? मला पूर्ण चिठ्ठी पाहिजे.

रेघू


१२ ऑगस्ट

रेघू,

घरात कोण: मी. एकटा.

हा रकाना भरायला मला नऊ दिवस लागले. ‘मागच्यासारखंच’ लिहायला एक क्षणही लागत नव्हता. लिहिलं की घर तेवढ्यापुरतं भरलेलं वाटायचं. म्हातारा माणूस असंही करतो, हसू नकोस.

तब्येत: रडू येतं. तेही एक नवीनच.
हातातलं काम: हे पत्र.
अडचण: सगळी सांगतो.

मामी २७ मेपासून तिच्या धाकट्या बहिणीकडे आहे. तब्येतीने बरी आहे, हात दुखत नाही, ते मी खोटंच लिहिलं होतं. भांडण झालं नाही. झालं असतं तर बरं झालं असतं, भांडण मिटवता येतं.

निवृत्तीच्या आधीच्या आठवड्यात मी कारखान्यात तिच्यासाठी एक पाटी छापली. तिच्या शिवणवर्गाची. गडद निळी, तीन रंगांत, कडेने सुई-दोऱ्याची नक्षी. चाळीस वर्षांत स्वतःसाठी म्हणून छापलेली ही एकच गोष्ट. वाटलं, आता दुपारी मी घरी असणार, मुली येतील, ही पाटी दारावर असेल. तिला हातात दिली. ती वाचून म्हणाली, “कुणाच्या वर्गाची?”

वर्ग तिने तीन वर्षांपूर्वी बंद केलाय, रेघू. सुईत दोरा ओवताना डोळ्यांना पाणी यायचं म्हणून. शिवणयंत्र विकून टाकलं होतं. त्या कोपऱ्यात आता इस्त्रीचं टेबल आहे. रोज संध्याकाळी मी त्याच्या शेजारी बसून जेवत होतो.

मी म्हटलं, मला सांगायचंस तरी. ती म्हणाली, “सांगितलं होतं. तुम्ही हो हो म्हणालात.” मी म्हटलं, माझे कान. ती म्हणाली, “कानांना बोल लावू नका, डोळे चांगले आहेत तुमचे. दुसऱ्याच्या कापडावरचा टाचणीएवढा डाग दिसतो.” मग मी चहा केला. तिने कप बेसिनमध्ये ओतला. साखर सोडून तिला चार वर्षं झाली होती. मी दर रविवारी हौसेने दोन चमचे घालून चहा द्यायचो आणि ती दर रविवारी तो ओतून टाकायची.

जाताना आवाजसुद्धा चढला नाही तिचा. म्हणाली, “तुम्ही अजून त्या जुन्या बाईबरोबर राहताय. माझी गरज नाही तुम्हाला. राहा तिच्यासोबत सुखात.”

तुझ्या वहीचं वाचलं आणि पत्र खाली ठेवलं. मलाही माहीतच होतं ना सगळं. घर खायला उठतं गं. ती परत यावी एवढंच मला हवंय, आणि तिला काय सांगू ते सुचत नाही.

मामा


२५ ऑगस्ट

मामा,

घरात कोण: मी. पाच महिन्यांत या दारातून दुसरं कोणी आत आलेलं नाही. मागच्या पत्रांत नुसतंच ‘मी’ लिहिलं होतं. ते खरं होतं, पण पूर्ण नव्हतं.
तब्येत: मान सुधारली. झोप नाही.
हातातलं काम: ‘वापरणारे कमी’ लिहिलं होतं. आकडा लिही असं तू म्हणाला असतास. अकरा.
अडचण: खाली.

तू एकटाच गुन्हेगार नाहीस. ४ जूनला मी काय लिहिलं होतं? वर्गातल्या मुलींना आठवण सांग. त्याच्या आधीच्या पत्रात? तेच. मामीची जुनी पत्रं काढून बसले. तीन वर्षांत तिच्या हिरव्या ओळींत वर्गाचं अवाक्षर नाही. एकदा तिने लिहिलंय, ‘दुपारी हल्ली घर फार शांत असतं, रेघू.’ मी उत्तर पाठवलं होतं, मग मुलींना गाणी म्हणायला लाव! तोंडात मारून घ्यावीशी वाटली. तिने आपल्या दोघांनाही सांगून पाहिलं, आणि दोघांच्याही वहीत शिवणवर्ग चालूच होता.

तिला सांगू काय, असं विचारतोस. काही सांगू नकोस. ‘घरी चल’ तर मुळीच म्हणू नकोस, ते पुन्हा त्या जुन्या बाईलाच हाक मारल्यासारखं होईल. जाऊन विचार. कोरी चिठ्ठी घेऊन जा. नाव सोडून तुला काहीच माहीत नाही असं समज आणि पहिल्या रकान्यापासून विचार. वेळ जाईल, तिची चिडचिडही होईल. जाऊ दे.

नकाशेवाल्याचं उत्तर आलं. तीनच शब्द: ‘नदी निळी झाली.’ मी ते छापून भिंतीवर लावलंय. ती ओळ मी पानावर टाकली नाही. उरलेल्या दहा जणांना लिहिलं, तुम्ही ही लायब्ररी वापरून नेमकं करता काय? चार वर्षांत विचारलंच नव्हतं. अजून कुणाचं उत्तर नाही.

रेघू


१० सप्टेंबर

रेघू,

घरात कोण: मी एकटा.
तब्येत: काल तीन जिने चढलो, गुडघे अजून माझ्याशी बोलत नाहीत.
हातातलं काम: वाट बघणे.
अडचण: एक रकाना.

गेलो होतो. मेव्हणीने दार उघडलं, माझा गुलाबी शर्ट बघितला आणि हसू दाबत आत निघून गेली. मामी बाहेर आली. मी खिशातून कारखान्यातली चिठ्ठी काढली, त्यावरचं ‘कापड’ आणि ‘शाई’ खोडून नवे रकाने घातले होते. पेनाचं झाकण काढलं. विचारलं, उठता किती वाजता? घाबरून मी तिला अहो-जाहो करू लागलो होतो. ती म्हणाली, “हे काय नाटक?” मी म्हटलं, मला माहीत नाही, म्हणून विचारतोय. ती समोरच्या खुर्चीत बसली आणि म्हणाली, “साडेपाच.” मला सात वाटायचे.

चहा: बिनसाखरेचा. रंग: पिवळा. (हा धक्काच होता. पाटी मी निळी केली होती, कारण लग्नात तिला निळा आवडायचा.) हातातलं काम: पोहायला शिकते आहे! गेल्या उन्हाळ्यापासून, आठवड्यातून तीनदा. केस ओले असायचे, मला वाटायचं नुकतीच न्हाली असेल. भीती कशाची: “कान जाण्याची नाही, तुमच्यासारखं होण्याची.” हे मी जसंच्या तसं लिहून घेतलं. मान वर केली नाही.

शेवटचा रकाना मी ‘घरात कोण’ असा ठेवला होता. तिने पेन माझ्या हातातून घेतलं, चिठ्ठी पुढ्यात ओढली, आणि त्या रकान्यावर पेन टेकवलं. मग झाकण लावलं. म्हणाली, “हा राहू दे.”

मी उठलो. अर्धवट चिठ्ठी यंत्रावर घ्यायची नाही, हा माझाच नियम आहे. दारापर्यंत येऊन ती म्हणाली, “पुढच्या गुरुवारी या. नवी चिठ्ठी आणा, हीच उत्तरं असतील असं धरू नका.” म्हणजे मला जायचंय, आणि तो रकाना पुन्हा रिकामा राहू शकतो, हे मला माहीत आहे. घरी येऊन चहा केला, एकच कप, बिनसाखरेचा. कडू लागला, पण संपवला.

चिठ्ठी तुला पाठवतोय, कारण तिच्या मागच्या बाजूला तुझ्यासाठी काही लिहिलंय. निघताना तुझी पत्रं तिला वाचून दाखवली तेव्हा लिहिलं असेल, मी पाहिलं नाही.

आशीर्वाद: तुझ्या दारातून कुणीतरी आत येवो, आणि येताना जड चपला घालून येवो, म्हणजे जिन्यातच ऐकू येईल.

मामा

(चिठ्ठीच्या मागे, हिरव्या पेनाने)

रेघू, यांनी तुझं सगळं वाचून दाखवलं. तुझी पण एक चिठ्ठी मला पाठव, इथे माझ्या बहिणीच्या घराच्या पत्त्यावर. एकही रकाना सोडू नकोस. तू काय खातेस, किती वाजता उठतेस, कुणाशी बोलतेस, मला यातलं काहीच माहीत नाही, आणि मी विचारलंही नव्हतं.